एक म्हैस आणि तीन खोल्या

लालबीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या ऑफिसच्या बोळात उभी राहून तीन दारांकडे आळीपाळीनं बघत होती. काखेत वैरणीची पेंढी होती. वकिलाकडे येताना लोक कागद आणतात, ओळखीचा माणूस आणतात, फार तर आंब्याची करंडी आणतात. ही बाई ओलं कडवळ घेऊन आली होती, कारण इथून ती परस्पर कोंडवाड्यात जाणार होती. हे मला जरा उशिरानं कळलं. त्या प्रकरणातलं मला सगळंच उशिरा कळलं, आणि काही तर अजूनही कळलेलं नाही.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. कोल्हापुरात कोर्टासमोरच्या गल्लीत बॅरिस्टर सरनोबतांचं ऑफिस होतं. ते स्वतः त्याला ‘चेंबर्स’ म्हणत, बाकी सगळं गाव ‘बॅरिस्टरांचं हापीस’ म्हणे. विलायतेत शिकून आल्यावर त्यांनी तिथली एक शिस्त इथं लावली होती. तीन वकील, तीन खोल्या, तीन कामं. पहिल्या खोलीत स्वतः बॅरिस्टर, दिवाणी. दुसऱ्या खोलीत इंगवले, फौजदारी. तिसऱ्या खोलीत हेर्लेकर, कूळ आणि महसूल. एकानं दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही, दुसऱ्याची फाइल उघडायची नाही, मत तर मुळीच द्यायचं नाही. पूर्वी म्हणे तिघांची एकदा कचाकचा भांडणं झाली होती, तेव्हापासून हा नियम. आपल्या ताटातलं आपण जेवावं, असं बॅरिस्टर म्हणत. भांडणं मिटली खरी, पण बोलणंही मिटलं.

मी चौथी. नवी कोरी सनद, आणि खोली नाही. माझं टेबल बोळात, पाण्याच्या माठाशेजारी होतं. ‘तुमची शाखा अजून ठरायची आहे’, असं मला दोन वर्षं सांगत होते. तोपर्यंत मी तिन्ही दारांतून हाका आल्या की धावायचं, एवढीच माझी वकिली. मला राग यायचा आणि मी तो पाण्याबरोबर गिळायची.

“कुटल्या दारानं जाऊ, बाई?” लालबीनं विचारलं.

“काम कशाचं आहे?”

“म्हशीचं.”

म्हशीची खोली आमच्याकडे नव्हती. म्हणून मी तिला बसवलं आणि काय झालं ते विचारलं.

लालबी कळंब्याच्या वाटेवर राहायची. नवरा चमन कल्हईवाला. सुगी झाली की भाता घेऊन आजऱ्याकडच्या गावांत निघून जायचा तो पावसाच्या तोंडाला परत. घर चालायचं ते लालबीच्या जनावरांवर. ‘तिच्या’ म्हणायचं, पण एकही जनावर तिचं नव्हतं. ती अर्धलीनं जनावरं सांभाळायची. म्हणजे मालक आपली लहान रेडी दुसऱ्याच्या हवाली करतो, तो तिला वाढवतो, वैरण-पाणी करतो, आणि ती पहिल्यांदा व्याली की पंच बसून किंमत ठरवतात. निम्मी मालकाची, निम्मी वाढवणाऱ्याची. एकानं म्हैस ठेवायची, दुसऱ्याला निम्मी किंमत द्यायची. पण ठेवायची कुणी? तर म्हैस ज्याच्या खुंट्याला व्याली, पहिला शब्द त्याचा. ‘मी ठेवतो’ म्हणाला, की विषय संपला. हे कुठंही लिहिलेलं नाही, पण त्या चार गावांत लहान पोराला विचारलं तरी सांगेल.

लालबीनं आजवर कितीतरी रेड्या वाढवून म्हशी केल्या होत्या. दर वेळी पहिला शब्द तिचा असायचा आणि दर वेळी कसली तरी नड निघायची. एकदा घराचं आढं मोडलं, एकदा पोरीचं, जरीनाचं, लग्न निघालं. ती निम्मी किंमत घ्यायची आणि म्हैस मालकाच्या दारी जायची. खुंटा मोकळा राहायचा. “जनावर गेल्याव मोकळ्या खुंट्याकडं बगवत न्हाय बगा,” ती म्हणाली. या वेळी तिनं ठरवलं होतं. काहीही होऊ दे, ही म्हैस ठेवायची. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव चांदी. चांदी आता भरात आली होती, दिवसांवर आली होती.

आणि नेमकं तेव्हाच मालकानं, आकाराम पाटलानं, पोलिसात अर्ज दिला की लालबीनं माझी म्हैस दडवून ठेवली आहे. पोलीस आले, चांदीला सोडून घेऊन गेले. खटल्यातली वस्तू म्हणजे मुद्देमाल, म्हणून कोंडवाड्यात बांधली. आता ती व्यायच्या आत पाटलाच्या ताब्यात गेली, तर व्याणार त्याच्या खुंट्याला, आणि पहिला शब्द त्याचा.

“मला चोर म्हनू देत, बाई,” लालबी म्हणाली, “पर व्यायच्या आदी चांदी माज्या दारात पायजे. कुटल्या दारानं जाऊ ते सांगा.”

मी विचारात पडले. चोरीचा आळ, म्हणजे इंगवले. मालकीचा वाद, म्हणजे बॅरिस्टर. वाट्यानं वाढवणं हे वाट्यानं जमीन कसण्यासारखंच, म्हणजे हेर्लेकर. मी तिन्ही खोल्यांत जाऊन विचारलं. एरवी ‘हे माझ्याकडचं नाही’ म्हणून अशिलाला टोलवणारी ही माणसं, त्या दिवशी तिघंही म्हणाली, ‘हे माझंच काम.’ एकाला दुसऱ्याकडे जा म्हणून सांगणं शिस्तीत बसत नव्हतं. मग लालबी तिन्ही खोल्यांत जाऊन आली. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी आधी तिला पाणी दिलं.

इंगवले आवाजानं मोठे. त्यांचं बोलणं मला भिंतीतूनच ऐकू आलं होतं. “हे बघ, म्हैस पाटलाचीच आहे, तू नुसती सांभाळणारी. तू कधी माझी म्हणालीसच नाहीस. मग चोरी कुठली? आणि नीट ऐक. ती मुद्देमाल आहे. हात लावायचा नाही. वैरण टाक, लांबून बघ, पण अंगाला बोट लागलं तर मुद्देमालात छेडछाड म्हणून दुसरा गुन्हा. कळलं?”

बॅरिस्टरांनी तिला खुर्चीवर बसवून मऊ आवाजात सांगितलं होतं की म्हैस निम्मी तुमची आहे, आणि कायद्यात ताब्याला फार किंमत असते. “काही झालं तरी ताबा सोडू नका, बाई. रोज जा. जवळ राहा. ताबा गेला की सगळं गेलं.”

हेर्लेकर तर खुशीतच होते. कसेल त्याची जमीन, तर पाळेल त्याची म्हैस, हा मुद्दा त्यांना गेली दहा वर्षं कुठंतरी मांडायचा होता आणि तशी म्हैस मिळत नव्हती. “सगळी म्हैस तुझी,” ते म्हणाले, “फक्त वहिवाट दिसली पाहिजे. तुझं काहीतरी तिथं कायम पाहिजे. दावं म्हण, खुंटा म्हण. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, की हे लालबीचं.”

लालबी माझ्यासमोर मटकन खाली बसली. “मला कायबी उमगंना झालंया. एक म्हनतो म्हस पाटलाची, दुसरा म्हनतो निम्मी माजी, तिसरा म्हनतो समदी माजी. धरून ऱ्हा, पर हात लावू नको. हे कसं करायचं, बाई?”

मला तरी कुठं कळत होतं? मी म्हटलं, “तिघंही मोठे वकील आहेत, मावशी. काहीतरी असेलच त्यात.” आणि मनात म्हटलं, असेल तर मलाही दाखवा कुणीतरी.

चांदीला सोडवण्यासाठी कोर्टात खरं तर एकच अर्ज करायचा होता. पण अर्ज कुणी लिहायचा हे कोण कुणाला विचारणार? तिघांनी आपापल्या खोलीत आपापला अर्ज लिहिला. आमचा कारकून ज्ञानू पंधरा वर्षांत ‘साहेब, हे दोनदा झालं’ असं कुणाला म्हणाला नव्हता. त्यानं तिन्ही अर्ज इमानानं एकाच प्रकरणात लावून टाकले.

तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पहिला अर्ज वाचला, मग दुसरा वाचला. तिसरा वाचताना चष्मा काढून पुसला. समोर आमचे तिघंही एकदम उभे राहिले होते, कारण बसायचं कुणी हेही ठरलेलं नव्हतं.

“एकाच अशिलाच्या वतीनं पहिल्या अर्जात म्हैस तिची अजिबात नाही, दुसऱ्यात निम्मी, तिसऱ्यात पूर्ण,” साहेब म्हणाले. “मी काय समजू?”

तिघं वेगवेगळ्या तीन गोष्टी एकदम बोलायला लागले. कोर्टात हशा पिकला. पाटलाचा वकील हसला, बेलीफ हसला, खुद्द पाटीलसुद्धा गमछा तोंडाला लावून हसला. लालबी हसली नाही. ती मागच्या बाकाशी उभी राहून साहेबांच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

“आधी तुमच्या ऑफिसात ठरवून या, म्हैस कुणाची. मग मी माझं ठरवतो,” असं म्हणून साहेबांनी पुढची तारीख दिली. म्हैस कोंडवाड्यातच राहिली.

बाहेर आल्यावर तिघंही गप्प. एकमेकांना दोष देणं म्हणजे एकमेकांच्या कामाबद्दल बोलणं, आणि ते तर शिस्तीबाहेर. लालबी मात्र एकेकाजवळ जाऊन तेच विचारत होती, “तोवर मी काय करू?” एकेकानं तेच उत्तर दिलं. हात लावू नको. ताबा सोडू नको. वहिवाट दाखव. मला वाटलं आता ही बाई कपाळावर हात मारून घरी जाईल आणि आम्हाला चार शिव्या देईल. मी असते तर दिल्या असत्या. पण लालबीच्या मनात शिकल्या माणसाबद्दल भारी भाव होता. तीन वकिलांनी तीन गोष्टी सांगितल्या, तर तिन्ही करायच्या, एवढंच तिनं धरलं.

पुढच्या तारखेच्या आत तिचा अंगठा हवा होता, तिन्ही अर्ज सुधारून नव्यानं लिहिले होते म्हणून. सुधारून म्हणजे काय, तर प्रत्येकानं आपला मुद्दा आणखी ठासून मांडला होता. तिन्ही कागद पिशवीत घालून मी सायकलवरून कळंब्याच्या वाटेला लागले. ऊन चढलं होतं. लालबी दिवसभर कोंडवाड्यातच असायची, म्हणून थेट तिथं गेले. फाटक नुसतं लोटलेलं होतं आणि राखणदार पिराजी कुठं दिसत नव्हता.

आत गेले तर लालबी जमिनीवर बसली होती. तिच्या पुढ्यात एक खुंटा ठोकलेला होता, बाभळीचा, वर्षानुवर्षं दावं घासून मानेशी काचलेला. घरून उपटून आणलेला. चांदी त्या खुंट्याला बांधली होती. दावं पिराजीनं बांधलं होतं, कारण लालबीनं हात लावायचा नव्हता. लालबीनं दोन्ही हातांनी खुंटा धरला होता. हा ताबा, ही वहिवाट, आणि म्हशीच्या अंगाला बोट नाही. तीन वकिलांचे तीन सल्ले तिनं एका जागी बसून पाळले होते.

मला हसू आलं, पण क्षणभरच. कारण मग मी चांदीकडे पाहिलं. ती आडवी पडली होती. मान ताणून हुंदक्यासारखा आवाज काढत होती. मागं रेडकाचा एक पाय बाहेर दिसत होता, एकच.

आणि लालबी! अडलेली म्हैस मोकळी करायची तर सगळं कळंबं तिला बोलवायचं. अपरात्री बोलवायचे, पावसापाण्यात बोलवायचे. तिच्या हाताला यश आहे म्हणायचे. ती बाई खुंटा आवळून बसली होती, बोटं पांढरी पडली होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“कधीपासून?” मी ओरडले.

“सकाळधरनं. एक पाय आत मुडपलाय. पिराजीला म्हनलं तू तरी हात घाल, तर त्यो म्हनला, मुद्देमाल हाय, मला अदिकार न्हाय. पोलिसास्नी इचारून येतो म्हनून गेलाय.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “बाई, हात लावू का?”

माझ्या पिशवीत तीन कागद होते. त्यांतल्या एकातही याचं उत्तर नव्हतं.

“लाव की गं!” मी किंचाळले. “विचारत काय बसलीस?”

“इंगवलेसायेब म्हनलं...”

“खड्ड्यात गेले इंगवलेसाहेब! लाव हात!”

मग मात्र तिनं वेळ घालवला नाही. बांगड्या वर सारल्या, पिराजीच्या कंदिलाशेजारच्या बाटलीतलं गोडंतेल हाताला चोपडलं, आणि हात आत घालून डोळे मिटले. चांदीशी ती काहीतरी बोलत होती, लेकीशी बोलावं तसं. आतला पाय सरळ केला. मला म्हणाली, “वढा, बाई, मी सांगंल तवा वढा.” मीही पदर खोचला आणि ओढलं. नंतर कुणीतरी मला सांगितलं की वकिलानं मुद्देमालाला हात लावणं फार गंभीर असतं. असेल.

रेडकू बाहेर आलं. रेडी होती. कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका. लालबीनं तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्यानं खसाखसा अंग चोळलं, मागचे पाय धरून उलटी केली, नाकपुडीत फुंकर मारली. पुन्हा चोळलं. पुन्हा फुंकलं. मी बघत राहिले. खूप वेळानं तिचे हात थांबले.

“तासभर आदी,” ती म्हणाली, “तासभर आदी जित्ती हुती. पाय हलत हुता.”

तेवढ्यात पिराजी आला. त्याच्याबरोबर आकाराम पाटील होता, वाटेत भेटलेला. पाटलानं पडलेली रेडी पाहिली, दमून मान टाकलेली चांदी पाहिली, आणि लालबीवर उखडला. “सकाळधरनं म्हस अडलीया आनि तू बसून बगत ऱ्हायलीस? तू? माज्या गोठ्यातल्या तीन म्हशी तू मोकळ्या केल्यास की!”

“हात लावू नको म्हनलं हुतं, पाटील.”

“कुनी?”

लालबीनं माझ्याकडे पाहिलं नाही, बोट दाखवलं नाही. पण पाटलानं माझ्या गळ्यातली पांढरी पट्टी पाहिली आणि समजायचं ते समजला. खाली बसला. गमछानं तोंड पुसलं. “मला बी वकिलानंच सांगितलं,” तो हळूच म्हणाला, “चोरीचा अर्ज दे, म्हस लवकर हाताला लागंल.” मग त्याची नजर खुंट्यावर गेली. काचलेल्या मानेवर त्यानं बोट फिरवलं. “ह्यो खुंटा कुनाचा?”

“बाईचाच,” पिराजी म्हणाला. “घरनं आनलाय.”

पाटलानं खुंटा हलवून पाहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही. जमीन सरकारची, राखणदार सरकारचा, पण म्हैस व्याली होती ती लालबीच्या खुंट्याला. आणि ही गोष्ट संध्याकाळच्या आत चार गावांत जाणार होती.

“मग बोल,” तो म्हणाला. “पयला शबुद तुजा.”

“ठेवतो,” लालबी म्हणाली. एवढंच. ज्या शब्दासाठी इतकी वर्षं थांबली होती, तो म्हणताना तिच्या मांडीवर मेलेल्या रेडीचं डोकं होतं.

पाटलानं अर्ज मागं घेतला. चांदी घरी गेली, पंच बसले, निम्मी किंमत लालबीनं मुदतीनं फेडली. आमच्या ऑफिसात तिन्ही खोल्यांना वाटलं की आपण जिंकलो. बॅरिस्टर म्हणाले, ताब्याचा मुद्दा टिकला. हेर्लेकर म्हणाले, वहिवाटीनं काम केलं. इंगवले म्हणाले, चोरी शाबीत झाली नाही. मी चहाच्या वेळी बोळात उभी राहून, तिन्ही दारांतून ऐकू जाईल अशा आवाजात, त्या रेडीची गोष्ट सांगितली. शेवटी बॅरिस्टर दारात आले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. “पण शालूबाई,” ते म्हणाले, “हा खटला नक्की कुणाच्या खोलीतला होता?” त्यांना खरंच प्रश्न पडला होता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

त्या वर्षअखेर मी तिथून निघाले. पापाच्या तिकटीजवळ एका खोलीत टेबल टाकलं. पाटीवर नुसतं नाव आणि वकील, बाकी काही नाही. लोक विचारतात, बाई, तुम्ही कशाच्या वकील? मी म्हणते, बसा आधी आणि सांगा काय झालंय.

लालबीशी येणं-जाणं राहिलं. चांदी पुढं तीनदा-चारदा व्याली. दर वेळी लालबीचा सांगावा यायचा, ‘दीस भरल्यात, या.’ मला वाटायचं, खरवसाचं आवतण आहे. मी जायची. चांदी त्याच खुंट्याला बांधलेली असायची. लालबीनं बांगड्या वर सारलेल्या, हाताला तेल लावलेलं. आणि ती थांबायची. माझ्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, “बाई, लावू का हात?”

“लाव,” मी म्हणायची. ती आणि तिच्या शेजारणी खो खो हसायच्या, मीही हसायची. आमची ती थट्टाच होऊन गेली होती.

एकदा मी थट्टेत थट्टा म्हणून मुद्दाम गप्प राहिले. लालबी हसत होती. मग तिचं हसू हळूहळू गेलं. चांदीनं मान ताणली, कळ दिली. लालबीचे तेलानं माखलेले दोन्ही हात हवेत तसेच थांबले होते, आणि ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती, त्या दिवशी कोर्टात साहेबांच्या तोंडाकडे बघत होती तशीच.

“लाव गं माझ्या बाई,” मी म्हटलं, “लाव हात.”